हिरव्या पट्ट्याचे अकरा लाख

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ज्युनिअर मुलामुलींचे फोन सुरू होतात. कुणाचं एमएसडब्ल्यू संपत आलेलं असतं, कुणाची पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालेली असते. प्रश्न ठरलेला: "ताई, सीएसआरमध्ये जाऊ की ईएसजीमध्ये? आणि कोर्स कुठला करू?" (सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजासाठी करायचं काम, ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांत कंपनी कशी वागते त्याचा हिशोब.) मी उलट विचारते, "इंटर्नशिप केलीस त्या कंपनीचं ईसीचं, म्हणजे पर्यावरण मंजुरीचं, पत्र वाचलंस का?" पलीकडे शांतता. मग मीच म्हणते, राहू दे, मीही वाचलं नव्हतं. फक्त मी न वाचल्यामुळे एका वाडीला दोन उन्हाळे पाणी मिळालं नाही.

कंपनी कायद्याचं कलम १३५, सीएसआरवर खर्चायचे नफ्याचे दोन टक्के, त्यात बसणाऱ्या कामांची यादी म्हणजे अनुसूची ७, हे तुम्हाला पाठ असणार. कंपनीला ते लागू व्हायला ५०० कोटींची नेटवर्थ किंवा १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, हेही पाठ असणार. मुलाखतीत तेवढंच विचारतात. म्हणून ते सोडून देते. मी जिथे तोंडावर आपटले तेवढंच सविस्तर सांगते, कारण ते कुणी शिकवत नाही. वर्गात शिकवत नाहीत, आणि ऑफिसात तर मुळीच नाहीत. ऑफिसात ते तुम्हाला कळू नये यातच काही जणांची सोय असते.

माझी पहिली नोकरी कोकणातल्या एका एमआयडीसीत, रसायनं बनवणाऱ्या कंपनीत. पद सीएसआर एक्झिक्युटिव्ह, हातात एकवीस हजार, बसायला एचआरच्या कोपऱ्यात प्रिंटरशेजारची खुर्ची. वर्षाचा सीएसआरचा आकडा नव्वद लाखांच्या आसपास. ऐकायला मोठा वाटतो, पण आजूबाजूच्या गावांत वाटायला बसलं की आमटीत पाणी घालत जावं तसा पातळ होतो. कायदाच सांगतो की कंपनी जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्या. त्यामुळे सगळे सरपंच आमच्याकडे, आणि बहुतेकांची पहिली मागणी मंदिराच्या सभामंडपाची. ती अनुसूचीत बसत नाही. चहा पिऊन, देवाला नमस्कार करून, कुणाला न दुखवता नाही म्हणायला शिकण्यात माझे पहिले सहा महिने गेले.

त्या गावांपैकी एकाच्या डोक्यावर, जांभ्याच्या सड्यावर एक वाडी आहे. बेचाळीस घरं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा मुलूख, पण जांभा पाणी धरत नाही. मार्च सरता सरता झरे आटतात आणि बाया खालच्या विहिरीवर उतरतात. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी, अशी चढण. मी त्या चढणीवर रिकाम्या हातांनी दोनदा थांबले होते. योजना साधी होती: खालच्या विहिरीवर पंप, तिथून नऊशे मीटर पाइप, वर टाकी, टाकीला सहा नळ. अंदाजपत्रक सोळा लाखांचं. ग्रामसभेचा ठराव झाला. विहिरीच्या मालकाचं संमतिपत्र मिळवायला मात्र मला चार महिने लागले, कारण सात-बाऱ्यावर सतरा नावं आणि त्यातली नऊ मुंबईत. गणपतीला सगळे आले तेव्हा एकाच दुपारी सह्या घेतल्या. कोकणात काम करणार असाल तर गणपती आणि शिमगा या तारखा प्रकल्पाच्या आराखड्यात आधी लिहा, बाकीचं नंतर.

आता झाडं. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत होता तेव्हा आमच्या ईएचएसच्या, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभागाच्या, साहेबांनी मला बोलावलं. माणूस प्रेमळ, मला 'बेटा' म्हणणारा, वीस वर्षं केमिकल लाइनमध्ये काढलेला. म्हणाले, "तुझं सामाजिक फार झालं. शाळा, पाणी, आरोग्य, सगळं तेच. जरा पर्यावरणाचा पण बॅलन्स साध. चार हजार झाडं लावू आपण गावाच्या जागेत. अनुसूची ७ मध्ये पर्यावरण आहेच की."

आहेच. चौथ्या कलमात आहे. मी लगेच 'हो' म्हटलं. खरं सांगायचं तर 'बॅलन्स' हा शब्द मला तेव्हा फार आवडला. मी दोन रंगांचा गोल काढला, सामाजिक हिरव्यात नको म्हणून निळ्यात, पर्यावरण हिरव्यात. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्या गोलाचं कौतुक झालं. पण पैसे तेवढेच होते. झाडांना अकरा लाख द्यायचे तर कुठून तरी काढायचे, आणि ते वाडीच्या सोळा लाखांतून काढले गेले. उरले पाच. साहेबांनीच तोड सुचवली: या वर्षी टाकी बांधून घे, पंप आणि पाइप पुढच्या वर्षी. टाकी दिसते तरी, फोटो येतो. मीही मान डोलावली. जुलैत झाडं लागली. दिवाळीनंतर टाकी झाली, कंपनीचं नाव रस्त्याच्या बाजूने रंगवलं, नारळ फुटला. मी कंत्राटदाराकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला घेतला, युटिलायझेशन सर्टिफिकेट फाइलला लावलं आणि शीटवर 'पूर्ण' असं लिहिलं. वाडीतल्या एक आजी त्या दिवशी टाकीच्या नळाखाली हात धरून म्हणाल्या, "टाकी बरी झाली बाळा, पन पानी कवा येनार?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

२०२३ चा २७ मार्च. कंपनी सेक्रेटरी मॅडमनी खर्चाची शीट मागितली. त्या झाडांच्या ओळीवर थांबल्या. "ही कुठल्या अटीखाली लावलीत का?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी ईएचएसच्या कपाटातून एक फाइल मागवली. दोन वर्षांपूर्वी प्लांटचा विस्तार झाला होता, त्याच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र. आतल्या पानावर अट: प्लॉटच्या ३३ टक्के क्षेत्रावर हरित पट्टा हवा, आत जागा अपुरी असल्याने उरलेली लागवड बाहेर, परिसरात करावी. म्हणजे ती चार हजार झाडं कंपनीने गावावर केलेले उपकार नव्हतेच. विस्तार करून जास्त माल काढायची परवानगी मिळाली, तिची ती किंमत होती. तशीही लावावीच लागणार होती.

इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं थोडं किचकट आहे आणि मी ते दोनदा सांगणार आहे.

२२ जानेवारी २०२१ ला सीएसआरचे नियम बदलले. त्यात सीएसआरची व्याख्या करतानाच काय सीएसआर नाही तेही लिहिलं. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम नाही. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं नाही. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व नाही. राजकीय पक्षाला दिलेलं नाही. भारताबाहेरचं नाही, खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडून. आणि शेवटचं, ज्याकडे कुणी बघत नाही: देशातल्या इतर कुठल्याही कायद्याखालचं बंधन पूर्ण करण्यासाठी केलेलं काम सीएसआर नाही. पर्यावरण मंजुरीची अट हे कायद्याचं बंधन. सबब अकरा लाख बाद.

बाद झाले म्हणजे काय, तर त्या वर्षीच्या दोन टक्क्यांत अकरा लाखांची तूट पडली, आणि वर्ष संपायला चार दिवस. 'ऑनगोइंग' प्रकल्प असता, म्हणजे बोर्डाने एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा म्हणून मान्य केलेला, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत वेगळ्या 'अनस्पेंट' खात्यात टाकता आली असती आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर खर्चता आली असती. एका वर्षाचा म्हणून घेतलेला प्रकल्पसुद्धा योग्य कारण देऊन बोर्ड लांबवू शकतं. वाडीची पाणीयोजना अगदी तशीच होती, अर्धी झालेली. पण मी काय केलं होतं? दिवाळीनंतर 'पूर्ण' लिहून, दाखला लावून मोकळी झाले होते. पूर्ण झालेला प्रकल्प लांबवणार कसा? ते अकरा लाख शेवटी कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत जमा करावे लागले. न केले तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी यांपैकी जे कमी तेवढा दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळा. जमा केले, विषय मिटला. कंपनीचा मिटला. टाकी सड्यावर कोरडी उभी.

दुसऱ्यांदा सांगते, उलट्या बाजूने. साहेबांनी हे का केलं असेल? वाईट हेतूने नाही. हरित पट्ट्याचा खर्च ईएचएसच्या बजेटमधून झाला असता, तर ते बजेट त्यांना प्लांट हेडकडे भांडून वाढवून घ्यावं लागलं असतं. सीएसआरचं बजेट मात्र कायद्याने ठरलेलं, कुणी कापू शकत नाही, आणि ते सांभाळणारी प्रिंटरशेजारी बसलेली चोवीस वर्षांची मुलगी. कंपनीच्या हिशोबात दोन खर्च होते: अट म्हणून अकरा लाख, सीएसआर म्हणून नव्वद. झाडं सीएसआरमध्ये टाकली की एकशे एकचे नव्वद होतात. वाचलेले अकरा कंपनीचे, गेलेले अकरा वाडीचे. गंमत म्हणजे २०१४ च्या दुरुस्तीपासून सीएसआरचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. अटीपोटी केलेल्या लागवडीचा खर्च धंद्याचा म्हणून वजा मागता येतो. पण एवढा विचार कुणी केला नव्हता. बजेट कुणाकडे सापडतं, एवढंच पाहिलं गेलं.

म्हणून कुणी 'सामाजिक आणि पर्यावरण यांचा बॅलन्स' म्हणालं की माझे कान टवकारतात. सीएसआरच्या एका ताटात झाडं किती आणि शाळा किती, हा प्रश्न दुय्यम आहे. आधी ताटं दोन आहेत का ते बघा: एक कंपनीने देणं लागतं त्याचं, एक कंपनी आपणहून देते त्याचं. दोन्ही एकात कालवली की पर्यावरणाच्या नावाखाली कंपनी स्वतःचंच देणं फेडते आणि पंगतीतून वाडी उठते.

याच खड्ड्याची भावंडं मोजून सांगते. ईटीपीची, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची, क्षमता वाढवणं, सामायिक प्रक्रिया केंद्रातला आपला हिस्सा भरणं: देणं. कामगारांच्या मुलांचं पाळणाघर, कामगारांची आरोग्य तपासणी: देणं. सीईआर, म्हणजे कॉर्पोरेट एन्व्हायर्नमेंट रिस्पॉन्सिबिलिटी: हे सगळ्यांत फसवं, कारण एकाच अक्षराचा फरक. १ मे २०१८ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या ज्ञापनाने ते आणलं, त्या काळातल्या मंजुरीपत्रांत शाळेला सौर दिवे, गावाला पाणी असली सामाजिक कामंसुद्धा या नावाखाली लिहिलेली सापडतात. दिसायला अगदी सीएसआर. पण मंजुरीची अट आहे, म्हणून देणं. आणि एक बारीक: गावातून प्लास्टिक गोळा करायचा प्रकल्प. कचरा वेचणाऱ्या बायांना उत्पन्न मिळतं, ओढे साफ होतात, सगळं छान. पण तेच किलो कंपनीने ईपीआरच्या उद्दिष्टात, म्हणजे आपल्या पॅकेजिंगचा कचरा परत उचलायच्या कायदेशीर जबाबदारीत दाखवले, तर तो सीएसआर उरत नाही. एक किलो दोन वह्यांत लिहायचा नाही. हे मी पुढच्या नोकरीत पकडलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे काम थोडंफार जमतं.

स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे. उद्या कलम १३५ रद्द झालं, तरी हे काम कंपनीला करावंच लागेल का? 'हो' असेल तर तुमच्या शीटमधून बाहेर काढा. अटीपेक्षा जास्त काम करायचं असेल, अट हजार झाडांची आणि मन चार हजारांचं, तर वरची तीन हजार सीएसआरमध्ये धरता येतील असा मुद्दा मांडता येतो. पण मग गट नंबर वेगळे, नकाशा वेगळा, बिलं वेगळी. एकाच खड्ड्याचे दोन फोटो चालत नाहीत.

त्या झाडांचं काय झालं तेही सांगून टाकते. फेब्रुवारीत वणवा लागला. भात कापल्यावर गुरं मोकळी सोडतात, त्यांनी आधीच बरीच खाल्ली होती. कुंपणाचे पैसे 'पुढच्या वर्षी' होते, सगळ्याच गोष्टींसारखे. मी आणि राखणदार काका, दोघांनी दोन दिवस फिरून मोजली: जिवंत १,१३०. मंजुरीच्या अटींचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यात मात्र ४,००० लिहून तयार होतं. ते मी बदलायला लावलं की नाही? लावलं, पण सेक्रेटरी मॅडम मागे उभ्या होत्या म्हणून. एकटी असते तर नसतं जमलं. हे लपवायचं कारण नाही.

इतक्यावर घाबरून जाऊ नका. पहिल्या दोन वर्षांत चूक होते. माझी झाली, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची झाली, आणि आम्ही सगळे अजून याच क्षेत्रात आहोत. फक्त चूक कुणाच्या डोक्यावर पडते हे बघून ठेवा. तुमच्यावर फार तर ओरडा पडतो.

वर्गात तुम्हाला प्लाचीमाडा शिकवलं असेल. केरळच्या पालक्काड जिल्ह्यातला कोका-कोलाचा बाटलीबंद कारखाना, २००० मध्ये सुरू झाला, विहिरींच्या पाण्यावरून आदिवासी बायांनी आंदोलन केलं, पेरुमट्टी ग्रामपंचायतीने परवाना वाढवून द्यायला नकार दिला, २००४ मध्ये उत्पादन थांबलं. मला ते धड्यासारखं पाठ होतं, पण वाडीच्या टाकीशी त्याचा काय संबंध ते लक्षात आलं नव्हतं. संबंध असा: ज्या गावाची विहीर कारखान्यामुळे बिघडली असं गावाला वाटतं, त्या गावात वाटलेली दप्तरं कुणी मोजत नाही. आधी विहीर. आमच्या एमआयडीसीतही खाडीत मासे मेले की दुसऱ्या दिवशी माझी शिलाई मशीनची बॅच रिकामी असायची. बाया रागावून येत नसत असं नाही, त्या किनाऱ्यावर असायच्या.

आणि देणं-देणगीची ही रेघ कायम एका जागी नसते. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस आला, तेव्हा तसा कायदा इथे नव्हता. तो मालकाचा मोठेपणा होता. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिसते. मोठेपणाचं बंधन झालं. सीएसआर स्वतःच तसं आहे, १ एप्रिल २०१४ च्या आधी ते ऐच्छिक होतं. म्हणून मागच्या वर्षीची शीट कॉपी करू नका. मागच्या वर्षी आपणहून केलेलं काम यंदा कुठल्यातरी अटीत आलेलं असू शकतं.

आता खरा बॅलन्स, जिथे कायद्याचा प्रश्न नाही आणि तरी डोकं फिरतं. दुसऱ्या नोकरीत मी नगर भागात होते, शेततळ्यांच्या प्रकल्पावर. शेततळं म्हटलं की पावसाचं पाणी अडवणं, हिरवं काम, पुण्याचं काम. जागेवर गेले तर तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, आणि पावसाळ्यात विहिरीवरची मोटार लावून ते भरणं चाललेलं. म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात साठवायचं, तिथून त्याची वाफ होणार. डाळिंबवाल्या सहा एकरांच्या शेतकऱ्याचं उत्पन्न नक्की वाढलं. अहवालात ती यशोगाथा, आणि खोटी नाही. शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर मात्र जानेवारीतच तळ दाखवायला लागली. भूमिहीनांना तर या प्रकल्पात जागाच नव्हती, अर्जाच्या पहिल्या रकान्यातच गट नंबर. सामाजिक रकान्यात टिक, पर्यावरणाच्या रकान्यात टिक, आणि गावात भांडण. आम्ही पुढच्या टप्प्यात अस्तर नसलेली तळी आणि ओढ्यावरचे बंधारे घेतले, मोटारीने भरणार नाही असा ग्रामसभेचा ठराव मागितला. निम्म्या गावांनी ठराव दिला नाही. आकडा कमी झाला, साहेब नाराज झाले. मला अजूनही वाटतं तो आकडा बरोबर होता, पण पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. डाळिंबवाल्याचंही कर्ज होतंच.

बीआरएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालाबद्दल, थोडक्यात, कारण सगळ्यांना त्याचीच घाई असते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना तो अहवाल सक्तीचा केला. नऊ तत्त्वं आहेत. सहावं पर्यावरणाचं, आठवं सर्वसमावेशक विकासाचं, म्हणजे तुमचा सीएसआर तिथे. नवखी मुलं सहावं आणि आठवं वाचतात. तुम्ही तिसरं आधी वाचा, कामगारांचं. तिथे कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे मोजायचे असतात, आणि अपघातही तिथेच लिहायचे असतात. आठव्यात हसऱ्या मुलांचे प्रकल्प आणि तिसऱ्यात कंत्राटी कामगारांचे रकाने रिकामे असले, तर त्या कंपनीत नोकरी घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. कार्बनच्या हिशोबाला घाबरू नका, सुरुवात वीजबिलापासून होते: ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, बाकी डिझेलची पावती. त्याला सल्लागार लागत नाही. सल्लागार लागतो तो अहवाल गुळगुळीत करायला, आणि तो गुळगुळीतपणा मला एक मैलावरून ओळखू येतो.

कोर्सबद्दल माझं मत कडू आहे, घ्यायचं तर घ्या. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन ईएसजी सर्टिफिकेटने नोकरीचा अर्ज थोडा जाड होतो, बाकी काही होत नाही. त्या सहा आठवड्यांत परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर जाऊन तुमच्या जिल्ह्यातल्या पाच कारखान्यांची मंजुरीपत्रं उतरवून वाचा, विशेष अटी आणि सर्वसाधारण अटी दोन्ही. फुकट आहेत. मग त्याच कंपन्यांचे सीएसआर अहवाल वेबसाइटवर बघा, आणि दोन्हींत समान ओळी सापडतात का शोधा. एक जरी सापडली तरी मुलाखतीत तुमचं नाणं वाजेल. फक्त मुलाखत त्याच कंपनीत असेल तर जरा जपून.

गुरूंबद्दल. मोठमोठ्या परिषदांत स्टेजवर बसणारे, 'पर्पज' वगैरे बोलणारे गुरू मला लाभले नाहीत आणि त्याचं दुःख नाही. मला शिकवलं ते सेक्रेटरी मॅडमनी, ज्या कधी गावात आल्या नाहीत, आणि ईटीपीवर रात्रपाळी करणाऱ्या ऑपरेटर दादांनी, ज्यांनी कधी कायदा वाचला नाही. दादा म्हणायचे, "मॅडम, दिवसा पाणी कसंय ते विचारू नका. पाऊस पडत असताना रात्री दोनला कसंय ते विचारा." ईएचएसच्या साहेबांवर माझा राग होता. आता तितका नाही. निवृत्त होताना त्यांनीच मला बोलावून त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते दाखवलं होतं.

वाडीचं राहिलं. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात पंप आणि पाइप मी पहिल्या ओळीत घातले, बोर्डाकडून सुरुवातीलाच बहुवर्षीय म्हणून मंजूर करून घेतले. पण तोवर विहिरीच्या मुख्य मालकाचं निधन झालं, वारसनोंद अडकली, संमतिपत्र नव्याने, पुन्हा गणपतीची वाट. २०२४ चा उन्हाळाही हंड्यांवरच गेला. पाणी चढलं ते त्या वर्षी दिवाळीत. मी तेव्हा नोकरी सोडली होती, तरी गेले. टाकीला तडा गेला होता, दोन वर्षं कोरडी उन्हात राहिल्यामुळे, असं गवंडी म्हणाला. त्याचे वेगळे अठ्ठावीस हजार. सहापैकी पाच नळ चालू. सहाव्याची तोटी कुणीतरी मधल्या काळात काढून नेली होती, पाणी येत नाही तर तोटी काय कामाची म्हणून. आजी भेटल्या नाहीत, लेकीकडे मुंबईला गेल्या होत्या.

आणि ते पत्र शोधायचं असेल तर: पोर्टलवर नाही सापडलं तर ईएचएसच्या कपाटात बघा, बहुधा खालच्या कप्प्यात, जुन्या सेफ्टी शूजच्या खोक्यांच्या मागे. फाइलवर नुसतं 'ईसी' लिहिलेलं असतं. विस्तार झाला असेल तर अशा फाइली दोन असतात. मी पहिलीच वाचून थांबले असते, दुसरी मॅडमनी काढली.